सात नंबरच्या पूर्वेला

हे सांगायचं मी टाळत आलो. नोकरी मुदतीआधी का सोडली, असं कुणी विचारलं की मी पाठीचं दुखणं पुढे करायचो. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, असं म्हणायचो. बायकोलाही कित्येक वर्षं तेवढंच माहीत होतं. पाठ माझी तेव्हाही चांगली होती, आजही आहे. सत्तरी उलटली तरी विश्रांतवाडीहून येरवड्यापर्यंत रोज चालत जातो. दुखणं दुसरं होतं. ते लिहितो.

सदाशिव पेठेत आमचं ऑफिस होतं. दुसरा मजला. खाली पोरांचे क्लास चालायचे, त्यामुळे जिन्याशी कायम स्कूटरींची गर्दी. कंपनी पवनचक्क्या उभारायची. डोंगर शोधायचे, जमीन मिळवायची, मनोरे उभे करायचे, वीज विकायची. त्या दिवशी पैसे गुंतवणारे पाहुणे आले होते. दोघे मुंबईचे, एक परदेशातला. आमचे संचालक एकेकाची ओळख करून देत होते. हे हिशेब बघतात, हे जमिनीचं बघतात. माझ्यापाशी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि हे आमचे वारेवाले. कुठल्या डोंगरावर किती वारा, ते यांना विचारायचं. कोट्यातले आहेत, पण निघाले चांगले."

निघाले चांगले. कलिंगड कापल्यावर म्हणतात तसं.

मुंबईचे हसले. परदेशातल्याला कळलं नाही. त्याला कुणीतरी इंग्रजीत समजावलं, मग तोही हसला. आणि मी हसलो. ते मला स्वच्छ आठवतं. मागाहून, नाइलाजानं नाही. सगळ्यांच्या बरोबर हसलो.

ती खासगी कंपनी होती. तिथे कसला कोटा? मी मुलाखत देऊन लागलो होतो, माझ्या आधी ते काम जमेना म्हणून दोघांना काढलं होतं. हे उत्तर मला सुचलं ते घरी, हातपाय धुताना. आमची उत्तरं नेहमी घरी पोचल्यावरच सुचतात. संचालक वाईट माणूस नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. माझ्या मुलीच्या आजारपणात त्यानं विचारपूस केली होती. दिवाळीला घरी बोलवायचा. बोलवायचा आणि पुढच्या खोलीतच बसवायचा, पण बोलवायचा.

असं समजावत समजावत माणूस किती दूर जातो, ते पुढे सांगतो.

माझं गाव पुण्यापासून चार-पाच तासांवर, पठाराच्या कडेला. गावाची ठेवण डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला गाव. देऊळ, चावडी, वाडे. गावाला लागून एक टेकाड. टेकाडाच्या पलीकडे, पूर्वेला, आमची वस्ती. पूर्वीचा महारवाडा. आमच्या आईबापांनी धम्म घेतला, तेव्हापासून बौद्ध वस्ती. नाव बदललं, जागा तीच राहिली.

लहानपणी त्या टेकाडावर मी शेरडं राखायचो. पावसाळ्याच्या तोंडाला तिथे उभं राहवायचं नाही. डोक्यावरचं पोतं उडून जायचं. कंपनी नवीन जागा शोधत होती तेव्हा मला ते टेकाड आठवलं. मीच सुचवलं. कुणी मागितलं नव्हतं. वारा मोजायचा खांब मीच उभा करून घेतला. वर्षभर तो वारा मोजत राहिला आणि आकडे आले तेव्हा संचालक म्हणाला, "अहो, ही तर सोन्याची खाण लपवून ठेवली होतीत तुम्ही!"

मला काय हवं होतं, तेही सांगतो. मला गावात जीपमधून उतरायचं होतं. ज्या चावडीच्या पायरीखाली माझा बाप जोडे काढून उभा राहायचा, त्या चावडीत खुर्चीवर बसायचं होतं. बसलो. पाटलांच्या नातवानं स्वतः खुर्ची पुसली. "या साहेब, बसा साहेब. गावचं नाव काढलंत." मी बसलो आणि पाय लांब केले. बाकी काही खोटं असेल, तो आनंद खरा होता. त्याच आनंदानं मला आंधळं केलं.

मनोरे कुठे उभे करायचे याचा नकाशा पुण्यात तयार झाला. घरांपासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. पात्यांचा आवाज असतो, सावली फिरते. नकाशा करणाऱ्या पोरानं गावठाणाची हद्द धरली आणि तिथून अंतर मोजलं. सात नंबरचा मनोरा टेकाडाच्या पूर्व अंगाला आला. गावापासून लांब. अगदी नियमात.

मी नकाशा पाहिला. टेकाडाच्या पूर्वेला कागद कोरा होता. माझी वस्ती त्यावर नव्हती. असणार कशी? ती गावठाणात कधीच नव्हती. गावानं आम्हाला हद्दीबाहेर ठेवलं, म्हणून नकाशानंही ठेवलं. त्या पोराची काही चूक नव्हती. त्याला ठाऊकच नव्हतं.

मला ठाऊक होतं.

खोलीत पाच-सहा जण होते. मला फक्त बोट ठेवून म्हणायचं होतं, इथे घरं आहेत. मग कुणीतरी विचारलं असतं, कुणाची? गावाबाहेर कशी? आणि मला सांगावं लागलं असतं. माझी जात त्यांना माहीत होतीच. पण माहीत असणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडानं भर बैठकीत, आपलं घर कुठे होतं ते बोट ठेवून दाखवणं वेगळं. निघाले चांगले, असं ज्याला म्हणतात त्याला पुन्हा एकदा कापून बघतील, ही भीती. मी बोट उचललंच नाही. "ठीक आहे," म्हणालो.

एवढंच. ज्या कारणासाठी माझ्या लोकांना गावाबाहेर ठेवलं, त्याच कारणाच्या लाजेनं मी त्यांना नकाशाबाहेर ठेवलं.

काम सुरू व्हायच्या आधी अडचण आली. पाती वाहून नेणाऱ्या लांब गाड्या वस्तीच्या गायरानातून जाणार होत्या. ग्रामसभेत ठराव हवा होता. वस्ती अडून बसली असती तर काम लांबलं असतं. संचालकानं मला बोलावलं.

"तुम्ही जा. तुमच्या लोकांशी आमच्यापेक्षा तुम्हीच बरं बोलाल. आम्ही गेलो तर उगाच मोर्चाबिर्चा."

मी गेलो. विहारात सगळे जमले. वंदना झाली. मी उभा राहिलो आणि पुण्याच्या भाषेत बोललो. विकास, वीज, पोरांना कामं. मग म्हातारा गंगाराम म्हणाला, "आवाज लई असतो म्हंत्यात."

आमच्या धंद्यात याला एक ठरलेलं उत्तर आहे. मी ते दिलं. "फ्रिजचा असतो तेवढाच आवाज."

गंगाराम म्हणाला, "आमच्यात फ्रिज न्हाई रं बाबा. बरफाचा कसला आवाज असतो?"

विहार हसला. मीही हसलो. मागून एक पोरगी ओरडली, "तात्या, बरफ नका खाऊ, दात पडत्याल!" "हायेत कुटं पडाया?" तो म्हणाला. पुन्हा हशा. त्या हशात प्रश्न वाहून गेला. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंच, आणि राहिलं ते मला बरंच वाटलं.

तरी दोघं-तिघं कुरकुरत होते. तेव्हा आक्का उठली.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण. माझी आई लवकर गेली. आक्का माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती, पण तिनं मला वाढवलं. मी पुण्याला वसतिगृहात निघालो तेव्हा तिची शाळा सुटली, कारण घरातून एकालाच धाडता येत होतं. तिनं हे मला कधी ऐकवलं नाही. वस्तीत तिचा शब्द चालायचा. बायका तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकायच्या नाहीत. ती मला घरच्या नावानं हाक मारायची. ते नाव इथे लिहीत नाही.

ती म्हणाली, "ह्यो आपला हाय. कंपनीचा माणूस आपल्याला फसवंल, ह्यो न्हाई फसवायचा. माजा शब्द हाय."

ग्रामसभेत ठराव झाला. वस्तीतले सगळे हात वर गेले. ते हात माझ्या बोलण्यावर नाही, तिच्या शब्दावर वर गेले होते.

सात नंबर उभा राहिला. उद्घाटनाला पुण्याहून गाड्या गेल्या, गावच्या देवळासमोर मांडव पडला, पाटलांच्या नातवानं फेटे बांधले. मलाही बांधला. वस्तीतली माणसं मांडवाच्या बाहेर उन्हात उभी होती. आक्का होती. फेट्याकडे बघून तिनं हात हलवला. मी मान हलवली. तेवढीच.

मग पावसाळ्यापूर्वीचे वारे सुरू झाले आणि तिचा फोन आला.

"आरं, एकदा यिऊन ऐक की."

"काय झालं आक्का?"

"सांगून न्हाई कळायचं. यिऊन ऐक. फ्रिज म्हनला हुतास न्हवं तू?"

मी म्हणालो, येतो. गेलो नाही. फोन येत राहिले. सून बाळंत झालीय, पोरगं दचकून उठतंय. संध्याकाळी ऊन टेकाडावरनं येतं तेव्हा पात्यांची सावली घरातनं फिरते, भिंतीवरनं, चुलीवरनं, ताटावरनं. जेवताना कुणीतरी हात फिरवतंय असं वाटतं. शेरडं दावं तोडून पळतात. पश्चिमेची दारं आम्ही पोत्यांनी झाकलीत. लोक मला विचारत्यात. काय सांगू?

लोक मला विचारत्यात. ते वाक्य ती रागानं म्हणाली नाही. पण शब्द तिनं दिला होता.

आमच्या ऑफिसात सावलीचा हिशेब करता येतो. कुठल्या महिन्यात कुठल्या वेळी ती कुठे पडेल, ते सांगता येतं. मी तो हिशेब कधी केला नाही. करण्यासाठी आधी नकाशावर घरं काढावी लागली असती.

शेवटी ती माणसं पुण्याला आली. आक्का, तिची सून तान्ह्या पोराला घेऊन, गंगाराम आणि आणखी एकजण. पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरली आणि विचारत विचारत सदाशिव पेठेत पोचली. आमच्या इमारतीखाली क्लासच्या पोरांनी त्यांना म्हणे जुन्या कपड्यांवर भांडी देणारे समजून "वर कुणी घेत नाही" असं सांगितलं. तरी ती वर आली.

मी संचालकाच्या खोलीत होतो. पुढच्या टप्प्याची बोलणी चालली होती, ते मुंबईचे पाहुणेही होते. शिपायानं दार उघडलं, उघडंच ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, साइटवरून माणसं आलीत. एक बाई म्हणतात, त्या तुमच्या बहीण."

संचालकानं चष्मा वर केला. माझ्याकडे बघितलं. गंमत वाटल्यासारखं.

"बहीण?"

मी म्हणालो, "नाही, नाही. गावाकडे सगळे तसंच म्हणतात. साइटवरच्या बाई आहेत त्या."

दारात आक्का उभी होती. शिपायाच्या मागे. इरकली लुगडं, डोक्यावर पदर, पायांत धूळ. तिनं ऐकलं. ऐकलं नसेल असं स्वतःला सांगण्याएवढीही जागा मला मिळाली नाही, कारण ती सरळ माझ्याकडे बघत होती.

मग संचालक फार अदबीनं बोलला. "या बाई, बसा ना. पाणी आणा यांना." आक्का बसली नाही. उभी राहून तिनं सगळं सांगितलं. आवाज, सावली, तान्हं पोर. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. संचालकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सवय होते हो. आम्हाला नाही का लक्ष्मी रस्त्याच्या हॉर्नची झाली?"

आक्का म्हणाली, "तुमास्नी नकोसं झालं तर तुमी दुसरीकडं ऱ्हायाला जाल. आमी कुटं जावं?"

"बघू, बघू. अर्ज देऊन ठेवा."

ती निघाली. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. पाहुण्यांना मी बाथरूमला गेलो असं वाटावं, अशा बेतानं गेलो. "आक्का, जेवून जा. घरी चल."

ती वळली. "नको साहेब. गाडी हाय."

साहेब. आयुष्यात पहिल्यांदा.

पोराला कडेवर घेतलेली सून माझ्याकडे टकामका बघत होती. तिला मी कोण ते नीट ठाऊक नव्हतं. आक्का तिला म्हणाली, "चल गं. ह्ये हापिसातले हायेत."

मी आत आलो आणि खुर्चीत बसलो. बोलणी पुढे चालू झाली.

त्या दिवशी मी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. घराचे हप्ते होते, मुलीचं लग्न होतं, अशी कारणं देता येतील. देत नाही. मला तिथे राहायचं होतं, म्हणून राहिलो.

नंतर पुढच्या टप्प्याची वेळ आली. त्याच टेकाडावर आणखी मनोरे. या खेपेला सरकारी खात्याकडून पत्र आलं होतं: पूर्वेला वस्ती नाही, असं तांत्रिक माणसानं लिहून द्यावं. तांत्रिक माणूस मी. वस्तीतल्यांच्या अर्जांमुळे आता कुणाला तरी नावानिशी जबाबदार धरायचं होतं.

बैठक होती. टेबलावर नकाशा. या वेळी त्यावर घरं होती. उपग्रहाच्या फोटोवरून आलेली, पत्र्यांची, लहान लहान. जमिनीचं बघणारा म्हणाला, "ही तात्पुरत्या झोपड्या म्हणून दाखवता येतील." मी सहीची जागा शोधत होतो. पेनही हातात होतं.

तेवढ्यात संचालक नकाशावर वाकला. त्याला खरंच प्रश्न पडला होता. टिंगल करायची म्हणून नाही, कुतूहलानं त्यानं विचारलं.

"पण मला एक सांगा हो. वारा येतो पश्चिमेकडून. आणि ही मंडळी नेमकी टेकाडाच्या पूर्वेला जाऊन बसलीत. गावचा धूर, गावची धूळ, सगळं यांच्याच अंगावर. जागा निवडताना कुणी अक्कल चालवली होती की नाही?"

दोघं-तिघं हसले.

मी वारा शिकलेला माणूस. कुठल्या महिन्यात कुठल्या दिशेनं किती वारा, याच्या आकृत्या काढण्यात माझं आयुष्य गेलं. त्याच टेकाडाची आकृती मी स्वतः काढली होती. पश्चिमेकडे तिचं लांब टोक, बाकी सगळीकडे आखूड. ती मी कितीदा पाहिली, दाखवली. आणि जे माझ्या बापानं मला लहानपणी सांगितलं होतं, ते त्या आकृतीशी मी कधी जोडलं नव्हतं. त्या क्षणी जोडलं गेलं.

मी म्हणालो, "जागा आम्ही निवडली नाही."

संचालकानं वर बघितलं.

"वारा पश्चिमेकडून येतो, हे गावाला तुमच्या-माझ्या आधीपासून माहीत होतं. म्हणून आम्हाला पूर्वेला बसवलं. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावावरून जाऊ नये म्हणून. अक्कल चालवली होती. पुरेपूर चालवली होती."

माझा आवाज चांगला येत नव्हता. मोठं भाषण वगैरे काही नव्हतं ते. जमिनीचं बघणारा मोबाईल बघायला लागला.

"अहो, चिडताय काय," संचालक म्हणाला, "जुन्या गोष्टी आहेत त्या. आता कोण मानतं? सही करा."

"मी सही करत नाही."

"का?"

"तिथे घरं आहेत."

"कोणाची?"

ज्या प्रश्नाला मी पहिल्या नकाशापासून घाबरत होतो, तोच. विचारायला फक्त इतकी वर्षं लागली होती.

"त्यातलं एक माझं. मी तिथे जन्मलो. ज्या बाई इथे आल्या होत्या, त्या माझ्या बहीण."

कुणी हसलं नाही. संचालक हळू आवाजात म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोललात?"

त्या माणसानं मला विचारलेला तेवढा एकच प्रश्न खरा होता. मी पेन टेबलावर ठेवलं आणि जिना उतरलो. पुन्हा चढलो नाही.

इथे मला कुणी शूर समजू नये, म्हणून पुढचं सांगतो. माझ्या नकारानं काही थांबलं नाही. दुसऱ्या कुणीतरी सही केली. मनोरे उभे राहिले. थांबवता आला असता तो सात नंबर, आणि त्यासाठी नोकरी सोडायचीही गरज नव्हती. नकाशावर एक बोट ठेवायचं होतं.

वस्तीतली घरं एकेक करून रिकामी झाली. कुणाला हाकललं नाही. झोप नाही म्हणून माणसं निघाली. आक्कालाही निघावं लागलं. जाताना वस्तीतल्या काहींनी तिला टोचून बोलून घेतलं. तुज्या शब्दावर हात वर केले हुते, म्हणाले. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ती पुण्यातच आली. मुलाकडे, गुलटेकडीला. मुलगा मार्केट यार्डात टेम्पो चालवतो. ज्या शहरात मी राहतो त्याच शहरात ती कितीतरी वर्षं राहिली. मी मार्केट यार्डात भाजी घ्यायला म्हणून गेलो. तिची गल्ली विचारून घेतली. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. मग भाजी घेऊन परत आलो. असं पुन्हा पुन्हा केलं. बायको म्हणायची, जवळ मंडई असताना इतक्या लांबून मेथी कशाला?

एकदा बुद्धपौर्णिमेला विहारात ती समोर आली. म्हातारी झाली होती. मला तिच्याआधी ती दिसली होती, पण पळायला जागा नव्हती. तिनंच विचारलं, अगदी नीट, शहरातल्या बोलीत, "बरे आहात ना साहेब?"

आजूबाजूला माणसं होती. कुणी खीर वाटत होतं. मला म्हणता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"बरा आहे," मी म्हणालो.

ती मान हलवून पुढे गेली.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. मी अंत्ययात्रेला गेलो, मागे राहिलो. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी तिच्या कष्टांविषयी बोललो, तिनं मला वाढवलं, माझ्यासाठी शाळा सोडली, तेही बोललो. लोकांनी डोळे पुसले. जे बोलायचं होतं ते सोडून सगळं बोललो. खाली बसलो तेव्हा तिचा मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला.

"मामा, आईनं तुमचं नाव कधी वाईट घेतलं नाही," तो म्हणाला. मला क्षणभर बरं वाटलं. मग तो म्हणाला, "नावच घेत नव्हती."

आता त्या टेकाडावरचे जुने मनोरे काढून त्यांच्या जागी खूप उंच नवे मनोरे बसवायचे आहेत. त्यांची सावली आणखी लांब जाईल. वस्तीत अजून काही घरं धरून आहेत. गावात सगळ्यांचं म्हणणं ऐकण्यासाठी सुनावणी ठेवली आहे. भाच्यानं फोन केला. ताठ बोलला.

"मामा, येणार असाल तर सांगा. तज्ज्ञ म्हणून येणार की नातेवाईक म्हणून?"

"भाऊ म्हणून," मी म्हणालो. "आकडे नंतर सांगेन."

"बघा हं. तिथं गावचे पण असतील. कंपनीचे पण."

"असू देत."

मी जाणार आहे. वस्तीचं घर अन् घर नकाशावर काढून घेतलंय, रिकामी झालेलीही, माणसांच्या नावांसकट. सावली कुठे आणि आवाज कुठवर, तो हिशेब इतक्या वर्षांनी केलाय. पहिला नकाशा चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे मला दिसत होतं, हे मी माझ्या नावानं सांगणार आहे. कंपनी माझ्यावर दावा लावेल तर लावू दे. गाव म्हणेल याला आता कुठून कंठ फुटला. म्हणू दे, ते खरंच आहे. पाटलांचा नातू या खेपेला खुर्ची पुसणार नाही. मी वस्तीतल्या लोकांत बसेन.

पण हे केलं म्हणजे फिटलं, असं मी मानत नाही. कुणी मानू नये. सुनावणीतलं बोलणं घरांसाठी आहे. आक्काला द्यायचं होतं ते वेगळं होतं आणि ते फार लहान होतं. त्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून मी ते मनात जुळवायचो. आक्का, तू दारात होतीस आणि तू माझी कोण ते मला पक्कं ठाऊक होतं. मी घाबरलो. तुझा शब्द मी खोटा पाडला. मला माफ कर असं म्हणत नाही. तू मला घरच्या नावानं एक शिवी दे.

यातलं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचलं नाही.